अमेरिकेचा इतिहास शिकवायचाय, पण घरच्यांना कसं सांगू?

प्रश्न : इतिहासाच्या बाई, सेलू (जि. परभणी)

नमस्कार. मी सेलूला सहावी ते आठवीला इतिहास शिकवते, हे चौदावं वर्ष. आमच्याकडं दिवाळीनंतर शनिवारची सकाळची शाळा सुटली की दीड तास पूरक वर्ग घेता येतो. विषय शिक्षकानंच निवडायचा. गेल्या वर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम घेतला. यंदा अमेरिकेचा इतिहास घ्यायचं ठरवलंय. सोळा शनिवार, अठ्ठावीस लेकरं.

विषय लेकरांनीच काढला. १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर वर्गात मी बोलता बोलता म्हणाले, की आपण आज मुक्तिदिन करतो, आणि ह्याच तारखेला १७८७ साली फिलाडेल्फियात एकोणचाळीस जणांनी अमेरिकेच्या संविधानावर सह्या केल्या. सातवीतली एक मुलगी उठली. "बाई, मग त्यांचा निझाम कोण होता?" मी सांगितलं, इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज. ती खाली बसली आणि परत उठली. "निझाम गेल्यावर सगळे सुटले का?" मला तिला 'हो' म्हणता आलं नाही. त्या संविधानात 'आम्ही लोक' असं पहिल्याच ओळीत आहे, आपल्या उद्देशिकेसारखं. पण गुलाम माणूस त्यात खासदारांच्या जागा ठरवताना तीन पंचमांश मोजला जायचा. बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला तो १९२० मध्ये. हे सगळं पाच मिनिटांत सांगून होत नाही. म्हणून हा वर्ग.

अडचण घरच्यांना सांगण्याची आहे. गेल्या वर्षी मी सूचनापत्र काढलं होतं, "सर्व पालकांना कळविण्यात येते की" असं सुरू होणारं. त्यात सर्वांगीण विकास होता, व्यापक दृष्टिकोन होता. सह्या होऊन सहा कागद परत आले. चूक माझी होती. तो कागद मी घरच्यांसाठी लिहिलाच नव्हता, फायलीला लावायला लिहिला होता.

यंदाचा विषय गेटवर दोघातिघांना तोंडी सांगून पाहिला. एका वडिलांनी विचारलं, "मॅडम, हे स्कॉलरशिपला येतंय का?" दुसरे म्हणाले, "आपला महाराजांचा इतिहास असताना गोऱ्यांचा कामून शिकवायलेत?" दोन्ही प्रश्न मनापासूनचे होते. मला तिथं धड उत्तर देता आलं नाही, ते तेव्हापासून मनात टोचतंय.

आणखी दोन गोष्टी आहेत. ह्या इतिहासात जहाजात साखळीनं बांधलेली माणसं येणार, आईपासून तोडून विकलेली लेकरं येणार. बारा वर्षांचं मूल हे ऐकून घरी जाईल आणि जेवताना विचारील. घरच्यांना आधी सांगावं असं मला वाटतं, पण किती आणि कसं? दुसरं, अठ्ठावीसपैकी नऊ लेकरांचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. लेकरं आजीपाशी राहतात. तिथं कागद द्यायचा तरी कुणाला? आजीला वाचता येत नाही.

ज्यांनी असा अभ्यासाबाहेरचा विषय घेतलाय, किंवा ज्यांची मुलं तिकडं शिकतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक, भोकरदन

बाई, आधी त्या 'महाराजांचा इतिहास असताना' म्हणणाऱ्या गृहस्थांचं बघू. त्यांच्या बोलण्यात माया आहे, तिला धक्का लावू नका. त्यांना राजापूर सांगा. १६६१ साली महाराजांनी राजापूरची इंग्रजांची वखार लुटली आणि तिथल्या इंग्रजांना कैद केलं. कुणाची वखार? ईस्ट इंडिया कंपनीची. आता एकशे बारा वर्षं पुढं या. १६ डिसेंबर १७७३ ची रात्र, अमेरिकेतलं बोस्टनचं बंदर; तिथंही तेव्हा इंग्रजांचंच राज्य. तिथल्या लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. चहा कुणाचा? त्याच कंपनीचा. कंपनी कर्जात बुडायला आली होती, तिला तारायला लंडनच्या संसदेनं चहाचा कायदा केला, आणि बोस्टनकरांचे प्रतिनिधी त्या संसदेत नसताना त्यांच्यावरचा चहाचा कर तसाच ठेवला. गृहस्थ हे ऐकतील. माझ्या पालकसभेत ऐकलंय.

ती सभा मी आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवली होती, दुपारी बाजार उरकल्यावर. टेबलावर चहापत्तीची वाटी आणि नकाशा, एवढंच सामान. वाटी हातोहात फिरवली. माणूस हातात काही असलं की थांबतो. त्यानंतर मी इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस सांगितला. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला वॉशिंग्टनच्या आणि फ्रेंचांच्या फौजेपुढं ह्याच कॉर्नवॉलिसच्या सैन्यानं हत्यारं टाकली. तिकडं हरलेला हा माणूस १७८६ मध्ये इकडं गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि टिपूवर चालून गेला तेव्हा निझाम आणि मराठे दोघंही त्याच्या बाजूनं होते. सभेत एकदम शांतता झाली. मागून एक जण म्हणाला, "म्हंजे तिथून हाकललेला आपल्या उरावर बसला."

आमच्याकडं असईचं रान आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यांची लढाई झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेनं नेपोलियनकडून लुइझियानाचा मुलूख दीड कोटी डॉलरला विकत घेतला आणि देश जवळजवळ दुप्पट झाला. दोन्ही तारखा फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. तुमच्याकडून असई लांब नाही, जमलं तर लेकरांना घेऊन या, रान मी दाखवतो.

स्कॉलरशिपचं मात्र खरं सांगा. येत नाही म्हणा. एकदा खोटं बोललं की पुढचं सगळं वाया.

---

उत्तर २ : उदगीरची लेक, सध्या न्यू जर्सी

बाई, माझी मुलगी आठवीत आहे. इकडं सहावी ते आठवी म्हणजे मिडल स्कूल. देशभर एकच पुस्तक असं नसतं, काय शिकवायचं ते राज्य आणि शाळा ठरवतात. तिच्या शाळेत आठवीला वसाहतींपासून यादवी युद्ध आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेपर्यंत, म्हणजे १८७७ पर्यंतचा इतिहास आहे.

पहिल्या आठवड्यात दोन पानी कागद घरी आला. वर्षात काय काय शिकणार, गृहपाठ किती, उशिरा दिला तर काय, शिक्षकांना कुठं गाठायचं. खाली सही करून फाडून द्यायचा तुकडा. तो कागद मी वाचला आणि विसरले. लक्षात राहिली ती सप्टेंबरमधली एक संध्याकाळ. त्या दिवशी पालक शाळेत जातात, आपल्या मुलाच्या बाकावर बसतात, आणि प्रत्येक शिक्षक दहा मिनिटं बोलतो. इतिहासाच्या शिक्षकांनी अभ्यासक्रम वाचून दाखवलाच नाही. ते म्हणाले, ह्या वर्षी तुमची मुलं घरी येऊन काही अवघड विचारतील, उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, आणि काय विचारलं ते मला कळवा. मला फार हलकं वाटलं. मी उदगीरला शिकलेली, वॉशिंग्टनच्या पुढं मला काही येत नव्हतं. वर्गातल्या इतर मुलांच्या घरी आजोबांपासून हे सगळं बोललं जात असणार, आपल्याच घरात पोकळी आहे, असं मनात होतं.

नोव्हेंबरमध्ये तिनं जेवताना विचारलंच. त्यांना जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती वाचायला दिल्या होत्या. पळून गेलेल्या माणसाला पकडून आणा म्हणून मालकानं दिलेल्या जाहिराती. अंगावर कुठं व्रण आहे, काय कपडे होते, कोणतं काम येतं, वाचता येतं का. तिला एका जाहिरातीतली बाई लेकराला घेऊन पळालेली सापडली. "आई, ती सापडली असेल का गं?" मी पोळी लाटत होते, ती तशीच राहिली. मला माहीत नाही, एवढंच म्हणाले. मग आम्ही दोघी गप्प बसलो. तुम्ही घरच्यांना हेच आधी सांगा, की असं गप्प बसणं येईल आणि त्यात काही बिघडत नाही.

एक शब्दाचं. तिच्या वर्गात नुसतं 'गुलाम' म्हणत नाहीत, 'गुलाम केलेला माणूस' अशा अर्थाचा शब्द वापरतात. आधी तो माणूस सुतार होता, आई होती, कुणाचा भाऊ होता. गुलाम त्याला कुणीतरी केलं. मराठीत हे सहज म्हणता येतं, 'गुलाम केलेली माणसं'. तसंच 'रेड इंडियन' टाळा. लेकरं आधीच गोंधळतात, इंडियन तर आपण! कोलंबस १४९२ मध्ये निघाला हिंदुस्थानकडं आणि पोचला तिकडं, म्हणून ते नाव पडलं, हे सांगा आणि पुढं चेरोकी, नावाहो अशी त्या त्या लोकांची नावं घ्या. चेरोकींना १८३८-३९ मध्ये घरादारातून काढून आजच्या ओक्लाहोमापर्यंत नेलं, बहुतेकांना पायी. सुमारे चार हजार माणसं त्यात गेली असं मानतात. हे प्रकरण शनिवारच्या शेवटच्या दहा मिनिटांत उरकू नका.

शब्दांची यादी करून पाठवते, थोडा वेळ द्या.

---

उत्तर ३ : ग्रंथालयातला माणूस, नांदेड

मॅडम, वरच्या दोघांनी चांगलं लिहिलंय, पण आपल्या मातीतला सगळ्यात जवळचा धागा राहिला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' काढली तेव्हा ती अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, कारण त्यांनी तिथल्या काळ्या लोकांना दास्यातून सोडवलं. अमेरिकेत तेरावी घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली डिसेंबर १८६५ मध्ये. त्यानंतर आठच वर्षांत पुण्यातला माणूस तिकडं बघून इकडचं लिहीत होता. पालकांना हे पहिल्या भेटीत सांगा. बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढं १९४६ मध्ये त्यांनी डुबॉईस ह्या काळ्या विद्वानाला पत्र लिहिलं; तिकडचे लोक संयुक्त राष्ट्रांकडं जो अर्ज करत होते, त्याची प्रत मागितली. आणि १९५० साली त्यांनीच औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. कितीतरी घरांतला पहिला पदवीधर तिथून निघाला. माझे वडील त्यातलेच. त्यांना अमेरिका परकी कधीच वाटली नाही.

पण एक हात जोडून सांगतो. नाटक करू नका. कुणाला मालक, कुणाला गुलाम करून लिलाव दाखवू नका, कितीही चांगल्या हेतूनं. मी पाचवीत असताना शाळेच्या कार्यक्रमात झाडूवाल्याचं काम मला आणि माझ्याच वस्तीतल्या एकाला दिलं होतं. बाकी कुणाला ते विचारलंही नाही. टाळ्या पडल्या. मी आज पन्नाशीत आहे, तो झाडू अजून हातात असल्यासारखा वाटतो. वर्गात कुठलं लेकरू कुठून आलंय हे तुम्हाला माहीत असतं, आणि त्यालाही माहीत असतं की तुम्हाला माहीत आहे.

त्याऐवजी गुलामगिरीत जन्मलेला फ्रेडरिक डग्लस वाचा. बाल्टिमोरमध्ये मालकिणीनं त्याला मुळाक्षरं शिकवायला घेतली, नवऱ्यानं बंद केलं. मग हा पोरगा खिशात पाव घेऊन बाहेर पडायचा आणि गल्लीतल्या भुकेल्या गोऱ्या पोरांना तो देऊन बदल्यात अक्षरं शिकायचा. १८३८ मध्ये तो पळाला आणि पुढं साऱ्या देशाला ऐकावं लागेल असं बोलला. ज्या घरात पहिलंच पोर शिकतंय, त्या घरात हे वाचून दाखवा. समजावून सांगावं लागणार नाही.

---

उत्तर ४ : शेतकरी, परतूर

मी मास्तर नाही, आठवीतल्या पोराचा बाप आहे. बाई, तुमच्या गेटवर स्कॉलरशिपचं विचारणारा मी नव्हतो, पण मीही तेच विचारलं असतं. आमच्याकडं पोराचा शनिवार म्हणजे कापूस वेचायला एक हात कमी. तेव्हा दीड तास काय घेणार ते सरळ सांगा, आम्ही ऐकतो.

आमचे आजोबा सांगायचे, त्यांच्या आजाच्या काळात एकदा कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मग एकदम पडला. कशानं ते घरात कुणालाच सांगता यायचं नाही. ते तुमच्या ह्या इतिहासात असंल तर माझं पोर सेलूला पाठवतो.

---

बाईंचं उत्तर, सतरा दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. परतूरच्या दादा, ते त्यात आहे. १८६१ ला अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं. लिंकननं दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला आभाळाएवढा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला, मुंबईचा शेअरबाजारही बुडाला. तुमच्या आजोबांच्या आजांचा कापूस मिसिसिपीकाठच्या लढाईनं चढला आणि उतरला.

तुमच्यामुळंच पहिला तास बदलला. आधी मी कोलंबसापासून सुरू करणार होते. आता कापसापासून करणार. परवा आठवीवर करून पाहिलं. प्रत्येकाला मूठभर कापूस दिला आणि म्हटलं, सरकी हातानं काढा. पाच मिनिटं वर्गात आवाज नाही. बोटांना तंतू चिकटले, सरकी निघेना, एकीनं दातानं ओढून पाहिली. वीस मिनिटांनी बाकावर रुईचे लिंबाएवढे गोळे झाले होते. तेव्हा बाहेरून जिनिंगच्या मशीनचा आवाज येत होता, तो आम्ही ऐकला. मग १७९३ सांगितलं, एली व्हिटनीचं यंत्र. तोवर तिकडं एक माणूस दिवसभरात जेमतेम पाउंडभर कापूस साफ करायचा. मी विचारलं, यंत्र आल्यावर गुलाम केलेल्या माणसांचं काम कमी झालं असेल ना? सगळे 'हो' म्हणाले. फळ्यावर आकडे लिहिले : १७९० ला सुमारे ७ लाख, १८६० ला सुमारे ४० लाख. साफ करणं सोपं झालं म्हणून कापूस वाढवला, आणि वेचायला हात वाढवले. मागच्या बाकावरचा एक जण हळूच म्हणाला, "बाई, वेचायला अजून पण मशीन नाही आमच्याकडं."

नवा कागद लिहिलाय. नांदेडच्या सरांचं ऐकून नाटकाचा तास काढून टाकला. कागद असा :

"घरच्या सगळ्यांना नमस्कार. दिवाळीनंतर दर शनिवारी साडेअकरा ते एक तुमचं लेकरू माझ्या वर्गात थांबेल. फी नाही. शंभर पानी एक वही लागेल. हे स्कॉलरशिपला येत नाही आणि मार्कातही धरलं जाणार नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत एखादा शनिवार चुकला तर मी रागावणार नाही, पुढच्या वेळी सांगून घेईन.

आम्ही अमेरिकेचा इतिहास शिकणार आहोत. ज्या कंपनीची राजापूरची वखार महाराजांनी लुटली, तिच्याच चहाच्या पेट्या तिथल्या लोकांनी समुद्रात फेकल्या. तिथं माणसं विकली जात होती आणि एका मोठ्या युद्धानंतर ती विक्री थांबली. ते बघून आपल्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली, आणि पुढं बाबासाहेब तिकडं शिकायला गेले.

ह्यात दुःखाच्या गोष्टी आहेत. मी त्या मारहाणीची वर्णनं करून सांगणार नाही, पण लपवणारही नाही. लेकरू घरी येऊन गप्प बसलं तर त्याला बसू द्या. काही विचारलं आणि तुम्हाला सांगता आलं नाही तर 'बाईंना विचार' म्हणा. तुमच्याकडं कापसाच्या, दुष्काळाच्या, गाव सोडून गेल्याच्या आठवणी असतील तर त्या लेकराला सांगा. आम्ही त्या वहीत लिहून घेणार आहोत."

कागद व्हॉट्सअॅपवर टाकला, पण तेवढ्यावर थांबले नाही. जे ऊसतोडीला जाणार होते त्यांच्या दारात दसऱ्याच्या आधीच जाऊन वाचून दाखवला. एका घरी आईबाप आदल्या रात्रीच ट्रॅक्टरनं गेले होते. आजी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "युद्ध झालं, सुटले, मग कुठं गेली ती माणसं?" मी सांगितलं, बरीचशी तिथंच राहिली. जमीन मालकाची, बी-अवजार मालकाचं, खायला उचल मालकाची किंवा दुकानदाराची. पीक आलं की अर्धं त्याला, उरलेल्यातून उचल वळती. हिशेबाची वही त्याच्याकडं, आणि ह्यांना वाचता येत नव्हतं. उचल फिटली नाही की पुढचं सालही तिथंच.

आजीचा हात थांबला. "म्हंजे त्यांचा बी मुकादमच होता की."

मग तिनं विचारलं, फिटली का त्यांची उचल? मी म्हटलं, पुष्कळांची नाही फिटली. मग १९१० च्या पुढं ती माणसं आगगाडीनं उत्तरेच्या शहरांकडं निघाली, शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क. साठेक वर्षांत सुमारे साठ लाख. तिनं नातवाला आतून बोलावलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.

पहिल्या शनिवारी ती स्वतः येते म्हणालीय. बाकावर बसवणार नाही तिला, सतरंजी घालून ठेवते. भोकरदनच्या सर, असईला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जमेल का ते कळवा, एसटीची चौकशी करायचीय. उदगीरच्या ताई, शब्दांच्या यादीची वाट बघते.